पावसाळ्यात बरण्यांवर उमटलेले केशतडे : दोष ग्लेझचा की भाजणीचा?

मृण्मयी_ऐरोली

मी ऐरोलीत घरीच चाकावर काम करते. स्वतःची भट्टी नाही, म्हणून माल रबाळे भागातल्या एका सामाईक विजेच्या भट्टीत भाजून घेते. यंदा कैरीच्या हंगामाआधी मी लोणच्याच्या झाकणाच्या बरण्या केल्या होत्या. माती तयार मिळणारी स्टोनवेअरची (जास्त तापमानाला घट्ट भाजली जाणारी) आहे आणि तिच्या पाकिटावर कोन ६ (भाजणी मोजणाऱ्या शंकूचा क्रमांक), म्हणजे १२२० ते १२४० अंश सेल्सिअस, असे लिहिलेले आहे. बिस्क, म्हणजे लेप लावण्याआधीची पहिली भाजणी, ९५० अंशांना झाले. पारदर्शक ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, दुकानातून तयार आणले होते. ग्लेझची भाजणी ताशी १५० अंशांच्या गतीने १२०० अंशांपर्यंत नेली आणि तिथे न थांबता भट्टी बंद केली. त्या भट्टीत सगळ्यांच्याच मालासाठी हाच प्रोग्रॅम ठरलेला आहे.

भट्टीतून बाहेर आल्या तेव्हा बरण्या निर्दोष होत्या. उन्हात फिरवून, भिंग लावून मी प्रत्येक बरणी तपासली होती. मे महिन्यात त्यांत लोणचे भरले. जुलैच्या मध्यापासून मात्र ग्लेझवर जाळीसारखे बारीक केशतडे दिसू लागले, त्यांत तेलाचा पिवळेपणा उतरला, आणि बुडाला जिथे ग्लेझ नसते तिथे पांढरा खारट थर जमला. मातीकाम करणाऱ्या ओळखीच्या लोकांपैकी बहुतेकांनी ग्लेझ बदलण्याचा सल्ला दिला आहे. ग्लेझच चुकीचे असते तर तडे पहिल्याच दिवशी दिसायला हवे होते, असे मला राहून राहून वाटते. ते इतक्या महिन्यांनी का यावेत? या बरण्या पुन्हा भाजल्या तर सुधारतील का? आणि त्यांतले लोणचे खावे की नाही?

नौपाडेकर

केशतड्यांचे मूळ कारण प्रसरणातल्या फरकात असते. भट्टी थंड होत असताना माती आणि ग्लेझ दोन्ही आकसतात. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसले तर ते ताणले जाते, आणि काच दाब पुष्कळ सोसत असली तरी ताण फारच थोडा सोसते. म्हणून ग्लेझ मातीपेक्षा किंचित कमी आकसणारे हवे, म्हणजे ते कायम हलक्या दाबाखाली राहते. सोडा आणि पोटॅश ही प्रसरण सर्वांत जास्त वाढवणारी ऑक्साइडे आहेत, तर सिलिका, बोरॉन आणि मॅग्नेशियम ते कमी करतात. बाजारातल्या चकचकीत पारदर्शक ग्लेझांत सोडा बहुधा भरपूर असतो, कारण त्यामुळे ग्लेझ सहज वितळते.

आपल्या ग्लेझमध्ये बारीक दळलेला क्वार्ट्झ आधी ५ टक्के आणि मग १० टक्के मिसळून चाचणी-फरशा भाजून पाहा, असे मी सुचवेन. ग्लेझ घरी करायचे असेल तर फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ ३०, व्हायटिंग (चुनखडीची पूड) २० आणि चायना क्ले १० हे प्रमाण पुष्कळांना पाठ असते, पण ते १२८० अंशांच्या आसपासचे आहे. कोन ६ च्या भाजणीत ते नीट वितळणार नाही. तिथे बोरॉनचे फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) घ्यावेच लागते, आणि बोरॉनमुळे प्रसरणही खाली येते, हा दुहेरी लाभ आहे.

खाडीकाठ

नौपाडेकर यांनी सांगितलेले शास्त्र बरोबर आहे. परंतु धागाकर्तीच्या प्रश्नातला कळीचा तपशील त्यात मागे राहिला आहे. तडे भट्टीतून काढताना नव्हते, काही महिन्यांनी आले, तेही पावसाळ्यात, आणि बुडाला मीठ फुटले. या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर संशय ग्लेझवर जाण्याआधी मातीवर जायला हवा. माती पुरेशी भाजली गेलेलीच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कमी भाजलेल्या मातीत एकमेकांना जोडलेली सूक्ष्म छिद्रे राहतात. त्या छिद्रांच्या भिंती हवेतली वाफ शोषतात. काही पाणी नुसते पृष्ठभागाला धरून राहते, पण काही मातीतल्या अस्फटिकी भागाशी रासायनिकरीत्या जोडले जाते आणि मातीचे शरीर अतिशय थोडे, पण कायमचे फुगते. ग्लेझ ही काच असल्यामुळे तशी फुगत नाही. भट्टीतून निघताना ग्लेझवर जो उपकारक दाब असतो तो आठवड्या-आठवड्याने कमी होत शून्यावर येतो, मग त्याचा ताण होतो, आणि एके दिवशी ग्लेझ तडकते. मातीचे हे फुगणे इतके नियमित असते की २००९ मध्ये मँचेस्टर आणि एडिनबरा विद्यापीठांतल्या संशोधकांनी त्यावरून जुन्या विटांचे वय काढण्याची पद्धत मांडली. वीट ५०० अंशांना तापवली की साठलेले पाणी निघून जाते. त्यामुळे घटलेले वजन आणि पुन्हा पाणी शोषण्याची गती यांवरून वीट भट्टीतून कधी निघाली याचा हिशेब करता येतो. खाडीलगतच्या आपल्या गावांत जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल सुटते, तिथे सच्छिद्र बरणीने हवेतली वाफ घेऊ नये अशी अपेक्षा करता येत नाही. त्यातच लोणच्याचा खार आतून झिरपत होता.

बुडावरचा पांढरा थर हा तर जवळजवळ पुरावाच आहे. खाराचे पाणी बरणीच्या भिंतीतून पार झाले, ग्लेझ नसलेल्या जागी वाळले आणि मीठ मागे ठेवून गेले. घट्ट भाजलेल्या स्टोनवेअरमधून असे होत नाही.

मात्र तर्कावर थांबू नये, मोजून पाहावे. त्याच मातीचा आणि त्याच भाजणीचा, ग्लेझ न लावलेला एक तुकडा घ्या. तो ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचे वजन करा. मग पाच तास पाण्यात उकळा, त्याच पाण्यात चोवीस तास राहू द्या, ओल्या फडक्याने पृष्ठभाग टिपा आणि पुन्हा वजन करा. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणले की शोषणाची टक्केवारी मिळते. रोजच्या वापराच्या स्टोनवेअरसाठी ती २ टक्क्यांच्या आत असावी, आणि लोणच्याच्या बरणीसाठी तर १ टक्क्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी. पोर्सलेनमध्ये ती ०.५ टक्क्याच्याही खाली असते.

मृण्मयी_ऐरोली

त्याच भाजणीतला हँडल नीट न बसल्यामुळे ग्लेझ न लावता ठेवलेला एक कप माझ्याकडे होता. तोच वापरला. कोरडे वजन ३२० ग्रॅम आणि उकळून-भिजवून ३३६ ग्रॅम भरले, म्हणजे शोषण ५ टक्के झाले. खाडीकाठ यांनी वर्तवले होते ते खरे ठरले आहे. पण भट्टीच्या मीटरवर १२०० दिसले होते हे मी स्वतः पाहिले आहे, आणि पाकिटावरच्या आकड्यापेक्षा ते वीसच अंशांनी कमी आहे. तेवढ्याने इतका फरक पडतो का?

भट्टीघर

पडतो, आणि त्याचे कारण वीस अंश एवढेच नाही. मातीवर होणारे काम तापमान आणि वेळ या दोघांच्या मेळाने होते. मीटर केवळ त्या क्षणाचे तापमान सांगतो. तेही थर्मोकपलच्या, म्हणजे मीटरला जोडलेल्या तापमान मोजणाऱ्या तारेच्या, टोकापाशी असलेले, जे बहुतेक भट्ट्यांत भिंतीजवळ असते. भरगच्च रचलेल्या भट्टीच्या तळाशी, जाड फळीच्या मागे, बरणीच्या बुडापाशी काय चालले आहे ते त्याला कळत नाही. शिवाय के प्रकारचा थर्मोकपल स्टोनवेअरच्या तापमानाला वारंवार वापरला की जुना होतो आणि त्याचे वाचन सरकते.

यासाठीच कोन वापरतात. बर्लिनमध्ये हर्मन झेगर यांनी १८८६ च्या सुमारास ते प्रमाणित केले आणि पुढे अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी त्यांची मालिका काढली. आपल्याकडे मिळणारे बहुतेक कोन ऑर्टनच्या क्रमांकांचे असतात. कोन हा स्वतःच मातीचा आणि ग्लेझच्या घटकांचा बनलेला असतो, त्यामुळे भांड्यावर जे काम होते तेच त्याच्यावरही होते. शेवटच्या टप्प्यात ताशी ६० अंशांची गती असेल तर कोन ६ सुमारे १२२२ अंशांना वाकतो. गती ताशी १५० असेल तर तोच कोन वाकायला सुमारे १२४० अंश लागतात. कोन ५ साठी हे आकडे अनुक्रमे सुमारे ११८६ आणि १२०७ आहेत. आपली भाजणी ताशी १५० च्या गतीने १२०० पर्यंत गेली आणि थांबली नाही. म्हणजे मीटर अगदी अचूक आहे असे धरले तरी कोन ५ सुद्धा पूर्ण वाकला नसता. कोन ६ ची माती आपण कोन ४ आणि ५ यांच्या मध्ये कुठेतरी भाजली आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, आणि वागळे इस्टेट असो की रबाळे, ती इथे सगळीकडे लागू आहे. विजेच्या भट्टीची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी २१० मिळाले तर शक्ती सुमारे १७ टक्क्यांनी घटते. अशा वेळी भट्टी शेवटचे शंभर अंश रेंगाळत चढते आणि मातीवर काम जास्त होते. रात्री उशिरा व्होल्टेज चांगले मिळाले की ती झपाट्याने चढते आणि काम कमी होते. मीटर दोन्ही वेळा १२०० च दाखवतो. भट्टी तापवणाऱ्या जुन्या कॉइलचा रोध वाढत जातो, त्याचाही असाच परिणाम होतो. त्यामुळे ‘आपण नेहमी १२०० लाच भाजतो’ या वाक्यावर कोणत्याही सामाईक भट्टीत विसंबू नये. मालकांना विनंती करून तीन कोन ठेवून घ्या : ५, ६ आणि ७. पाच पूर्ण पडलेला, सहाचे टोक तळाच्या पातळीला टेकलेले आणि सात जेमतेम झुकलेला, अशी भाजणी आपल्याला हवी आहे.

रसायन_वाशी

मी रसायनशास्त्र शिकवते. मातीत नेमके काय घडते त्याबद्दल थोडे लिहिते, कारण त्यावरून ५ टक्क्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होईल आणि पुढची एक अडचणही आधीच कळेल.

साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान चायना क्लेमधले रासायनिक पाणी निघून जाते आणि माती पुन्हा भिजवून मळता येईल अशी राहत नाही. ५७३ अंशांना क्वार्ट्झ आपली स्फटिकरचना बदलतो आणि एकाएकी फुगतो, थंड होताना तितकाच आकसतो. म्हणून चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा तिथे घाई करू नये. बिस्कमध्ये ७०० ते ९०० अंशांचा टप्पा सावकाश न्यावा, कारण मातीतला कार्बन तेव्हा जळतो. तो अडकून राहिला तर ग्लेझच्या भाजणीत वायू होऊन निघतो आणि ग्लेझवर सुईच्या टोकाएवढी छिद्रे पाडतो. खरा घट्टपणा मात्र १००० अंशांच्या पुढे येतो. मुलाइटचे स्फटिक वाढू लागतात आणि फेल्डस्पार वितळून काच होते, ती छिद्रे भरत जाते. स्टोनवेअरमध्ये ही काच पुरेशी होण्यासाठी शेवटचे चाळीस-पन्नास अंश आणि तिथला वेळ निर्णायक असतात. धागाकर्तीची माती अगदी त्याच टप्प्याच्या अलीकडे थांबवली गेली आहे.

आता अडचणीविषयी. माती जास्त भाजली की तिच्यातला काही क्वार्ट्झ त्या काचेत विरघळतो. मोकळा क्वार्ट्झ मातीचे प्रसरण वाढवतो, म्हणजे थंड होताना मातीला जास्त आकसायला लावतो, आणि ग्लेझला दाबाखाली ठेवायला हीच गोष्ट उपयोगी पडते. तो कमी झाला तर माती घट्ट होईल, महिन्यांनी येणारे तडे थांबतील, पण तेच ग्लेझ कदाचित भट्टीतून निघताना लगेच तडकेल. तसे झाले तर भाजणी खाली आणू नका. तिथे नौपाडेकर यांचा उपाय लागू करा. हे दोन दोष दिसायला सारखे असले तरी त्यांची औषधे निरनिराळी आहेत.

जाता जाता, बोन चायनात हा क्रम उलटा असतो याचे विद्यार्थ्यांना नेहमी नवल वाटते. त्याचे बिस्क सुमारे १२४० अंशांना करून शरीर आधी घट्ट करतात आणि ग्लेझ नंतर सुमारे १०८० अंशांना भाजतात. कठीण पोर्सलेनमध्ये बिस्क हलके असते आणि ग्लेझसह शेवटची भाजणी १३०० अंशांच्या पुढे जाते. क्रम कोणताही घेतला तरी शरीर एकदा कधीतरी घट्ट व्हावेच लागते.

नौपाडेकर

५ टक्क्यांचा आकडा पाहिल्यावर खाडीकाठ यांचे निदान मला मान्य आहे. ग्लेझची चाचणी मात्र मी तरीही सोडणार नाही. नवीन भाजणीचा तुकडा हाती आला की तो काही मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, आणि असे पुन्हा पुन्हा करा. नंतर पृष्ठभागावर शाई चोळून पुसून घ्या. केशतडा असेल तर शाई त्यात राहते. ही कसोटी ताबडतोबीचे तडे पकडते. महिन्यांनी येणारे तडे पकडायला शोषणाचीच चाचणी हवी, हे आता या चर्चेवरून स्पष्ट झाले आहे.

नेरूळची_आजी

लोणच्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही, म्हणून लिहिते. बाळ, त्या बरण्यांतले लोणचे काढून काचेच्या बरणीत भर, आणि त्याला वास किंवा बुरशी वाटली तर टाकून दे. तडकलेल्या ग्लेझमध्ये अन्नाचे कण आणि ओल अडकून राहतात, ते कितीही घासले तरी निघत नाहीत. ग्लेझ दुकानातून आणले आहेस, तेव्हा ते शिसेविरहित आहे असे त्यावर लिहिलेले आहे का ते पाहा. कैरी, लिंबू आणि मीठ महिनोन्महिने मुरत असताना कच्च्या ग्लेझमधून शिसे अन्नात उतरू शकते, आणि त्याने रंग किंवा चव बदलेलच असे नाही. व्हिनेगरमध्ये तुकडा ठेवून रंग उडाला तर ते ग्लेझ वाईट एवढे कळते. रंग उडाला नाही म्हणून ते निर्धोक ठरत नाही. विकण्यासाठी करणार असशील तर प्रयोगशाळेत शिसे आणि कॅडमियम यांची चाचणी करून घे.

आमच्या घरी सासूबाईंच्या काळापासूनच्या तपकिरी-पांढऱ्या बरण्या अजून वापरात आहेत. त्यांचे बूड आजही कोरडे ठणठणीत असते.

भट्टीघर

बरण्या पुन्हा भाजण्याबद्दल : त्या नवीन असत्या तर कोन ६ पर्यंत पुन्हा भाजून पाहायला हरकत नव्हती, कारण तडे वितळून मिटले असते आणि मातीही घट्ट झाली असती. पण आता त्यांच्या भिंतींत मीठ आणि तेल मुरले आहे. तेल धूर करील, पण अधिक गंभीर गोष्ट मिठाची आहे. तापमान वाढले की त्याची वाफ होते, ती कॉइलच्या संरक्षक थराला खाते आणि शेजारच्या लोकांच्या ग्लेझवरही बसते. सामाईक भट्टीत अशी बरणी ठेवणे हे इतरांच्या मालावर अन्याय करणारे आहे. त्यांत झाडे लावा.

क्वार्ट्झ मिसळणाऱ्या सर्वांना एक विनंती आहे. त्याची कोरडी धूळ फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. एन-९५ मास्क लावूनच वजन करा, आणि ओटा-फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. घराच्या एकाच खोलीत काम आणि झोप दोन्ही असेल तर हे अधिकच कसोशीने पाळा.

मृण्मयी_ऐरोली

भट्टीच्या मालकांनी कोन ठेवायला लगेच होकार दिला, आणि आता ते स्वतःही प्रत्येक भाजणीत कोन ठेवणार आहेत. पहिल्या वेळी जुनाच प्रोग्रॅम ठेवून फक्त कोन ठेवले. कोन ५ अर्धवट झुकला होता आणि ६ सरळ उभा होता. पुढच्या भाजणीत शेवटचे शंभर अंश ताशी ६० च्या गतीने नेले, वरचे तापमान १२२० केले आणि तिथे दहा मिनिटे धरून ठेवले. वरच्या फळीवरचा कोन ६ नेमका हवा तसा वाकला. त्या फळीवरच्या ग्लेझ न लावलेल्या तुकड्याचे कोरडे वजन २१० ग्रॅम आणि भिजवून २१३ ग्रॅम भरले, म्हणजे शोषण सुमारे १.४ टक्के आहे.

रसायन_वाशी यांनी सांगितलेली अडचणही खरी ठरली. जुन्या ग्लेझच्या फरशीवर भट्टीतून काढल्यावर दुसऱ्याच दिवशी विरळ तडे दिसले. त्याच ग्लेझमध्ये ५ टक्के क्वार्ट्झ घातलेली फरशी उकळत्या आणि बर्फाच्या पाण्यात टिकली नाही, १० टक्क्यांची टिकली. तिच्यावर शाई कुठेच राहिली नाही, फक्त चकाकी थोडी मंदावली आहे. ग्लेझवर ‘शिसेविरहित’ असे लिहिलेले आहे, तरीही आजींनी सांगितल्याप्रमाणे विक्रीआधी चाचणी करून घेणार आहे. खालच्या फळीवरचा कोन ६ मात्र वरच्यापेक्षा कमी झुकला होता. तिथे बरण्या ठेवाव्यात का?

खाडीकाठ

आत्ता ठेवू नका. खालच्या फळीवरच्या तुकड्याचे शोषण वेगळे मोजा. ते २ टक्क्यांच्या वर गेले तर तिथे शोभेच्या वस्तू किंवा कोन ५ ची माती ठेवावी. चकाकी मंदावली आहे ती क्वार्ट्झ पूर्ण वितळला नसल्यामुळे असू शकते, तेव्हा तो आणखी बारीक जाळीतून गाळून पाहा किंवा त्यातला थोडा भाग बोरॉनच्या फ्रिटने भरून काढा. १० टक्क्यांची फरशी पुढचा पावसाळा संपेपर्यंत खिडकीत ठेवा.

भट्टीघर

खालच्या फळीसाठी वरचे थांबणे दहाऐवजी वीस मिनिटे करून पाहता येईल, पण मग वरचा कोन ७ झुकू लागतो का ते बघावे लागेल. काही मातींमध्ये तिथून फुगे धरायला सुरुवात होते. तळाची फळी भट्टीच्या फरशीवर थेट टेकलेली असेल तर ती तीन लहान प्रॉपवर (भट्टीतल्या आधाराच्या खुंट्यांवर) उचलून घ्या, म्हणजे खालून उष्णता फिरायला जागा मिळेल. आमच्याकडे एवढ्यानेच वरच्या-खालच्या कोनांतला फरक बराच कमी झाला होता. यापुढे दोन्ही फळ्यांवर कोन ठेवा, आणि प्रत्येक भाजणीनंतर ते तारीख लिहून जपून ठेवा.